पन्नास मायक्रोग्रॅम कसे संपवावेत

प्रयोगशाळेत नवीन आलेल्या प्रत्येकाच्या वाट्याला एक दिवस एक चिमुकली नळी येते. सर जाता जाता सांगतात, "कार्बोनिक अनहायड्रेज टू मागवून घे. ह्यूमन, रिकॉम्बिनंट. आपली कंपाउंड्स त्याला अडवतात का, बघ जरा." आणि कॉन्फरन्सला निघून जातात. पुढचं सगळं तुमच्या गळ्यात.

पहिली नळी वाया घालवायची, ही जगभरच्या प्रयोगशाळांची जुनी रीत आहे. अडचण एवढीच, की ही रीत जो तो आपल्या मनाने पाळतो. कुणी अर्ध्या तासात नळी संपवतो, कुणी सहा महिने लावतो. या कामाला थोडी शिस्त यावी म्हणून ही मार्गदर्शिका. सूचना क्रमाने पाळल्यास नळी हमखास संपेल आणि हाती काहीही लागणार नाही. कुणी याच्या नेमकं उलट वागलं आणि प्रयोग जमून आला, तर त्याची जबाबदारी आमच्यावर नाही.

मागणी

पहिली गाठ एन्झाइमशी पडत नाही, पर्चेस सेक्शनशी पडते. इंडेंटवर 'ह्यूमन' दिसलं की टेबलापलीकडचे काका चष्मा कपाळावर चढवतात. "माणसाचं आहे? मग एथिक्स कमिटीचं पत्र लावा." इथे वाद घालू नका, समजावून सांगा. त्या निमित्ताने आपण काय मागवतोय हे तुम्हालाही कळेल.

यात माणूस कुठेच नाही. माणसाच्या आठव्या गुणसूत्रावर या एन्झाइमचं, सीए-टू नावाचं, जनुक आहे. त्याची प्रत एका प्लाझ्मिडवर चढवली, ते प्लाझ्मिड ई. कोलाय या जंतूत घातलं, जंतू टाकीत वाढवले आणि पुरेसे वाढल्यावर आयपीटीजी नावाचं रसायन टाकून त्यांना कामाला लावलं. या एन्झाइमला जस्त लागतं, म्हणून त्यांच्या खाद्यात झिंक सल्फेटही टाकलं. मग जंतू फोडले आणि त्या गाळातून हवं तेवढं प्रथिन वेगळं काढलं. ते सहज हाती यावं म्हणून बहुधा त्याच्या टोकाला सहा हिस्टिडीनची शेपटी जोडलेली असते. ती निकेलला चिकटते, आणि मागाहून इमिडाझोल ओतलं की सुटते. या इमिडाझोलचं नाव लक्षात ठेवा, ते पुढे त्रास देणार आहे. मानवी आहे तो फक्त अमिनो आम्लांचा क्रम. ती २६० आहेत आणि रेणूचं वजन सुमारे २९ किलोडाल्टन आहे.

"किलो?" काकांचे डोळे चमकतात. नाही हो काका, मागवलेत पन्नास मायक्रोग्रॅम, एका ग्रॅमचा वीस हजारावा भाग. स्टॉक रजिस्टरात नोंद होते 'नग १'. त्या एका नगात एकावर पंधरा शून्यं इतके रेणू असतात, पण रजिस्टरला त्याचं सोयरसुतक नाही.

बिलाचा आकडा बघून प्रत्येक नवशिक्याच्या मनात एक विचार येतो. हेच एन्झाइम आपल्या रक्तात, तांबड्या पेशींच्या आत, ठासून भरलेलं आहे. पन्नास मायक्रोग्रॅम म्हणजे साधारण चार-पाच थेंब रक्ताचा ऐवज. मग बोटाला सुई टोचून का घेऊ नये? विचार अगदीच वेडगळ नाही, कारण हे सगळं शास्त्र रक्तातूनच उभं राहिलं. केंब्रिजच्या राउटन यांना एक हिशेब जुळत नव्हता. फुप्फुसाच्या केशवाहिनीत रक्ताचा मुक्काम सेकंदभराचाही नसतो. तेवढ्यात रक्तातल्या बायकार्बोनेटचा कार्बन डायऑक्साइड होऊन तो श्वासात उतरायला हवा, आणि ही क्रिया आपली आपण होते ती भलतीच संथ. म्हणजे रक्तात कुणीतरी तिला हाकतंय. १९३३ साली मेल्ड्रम आणि राउटन यांनी तो हाकणारा रक्तातून वेगळा काढला. पुढे काही वर्षांत केलिन आणि मान यांनी त्यात जस्त असल्याचं दाखवलं. एन्झाइमच्या आत जस्त सापडल्याचा तो पहिला दाखला.

तरीही सुई राहू द्या. रक्तातून काढायचं तर आधी हिमोग्लोबिनचा डोंगर उपसावा लागतो, आणि त्याखाली सीए-टूबरोबर त्याचा थोरला भाऊ सीए-वनही निघतो, तोही जास्त प्रमाणात. शिवाय उद्या सरांनी "एक अमिनो आम्ल बदलून बघू" म्हटलं, तर जंतू ते करून देतील. तुमचं रक्त देणार नाही.

आगमन

पार्सल शुक्रवारी संध्याकाळी नाहीतर दिवाळीच्या सुट्टीच्या तोंडावर येतं. थर्माकोलच्या खोक्यात ड्राय आइस, त्यात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत एक डबी आणि डबीत ती नळी. ड्राय आइस म्हणजे गोठलेला कार्बन डायऑक्साइड, उणे ७८.५ अंशांवरचा. ज्या वायूला पाण्याशी जोडण्यात या एन्झाइमचा जन्म जातो, त्याच वायूच्या गादीवर झोपून ते विमानाने येतं.

नळी वाया घालवण्याचा सर्वांत स्वच्छ मार्ग इथे आहे: खोका वॉचमनच्या केबिनमध्येच राहू द्या. ड्राय आइस वितळून पाणी होत नाही, त्याची सरळ वाफ होते. त्यामुळे तो शुक्रवारी रात्री संपला की सोमवारी सकाळी, याचा पुरावाच मागे उरत नाही. खोका कोरडा, नळी कोरडी, सगळं कसं जागच्या जागी. रजिस्टरवर 'माल सुस्थितीत मिळाला' अशी सही ठोका.

उघडणे

नळी हाती येताच झाकण टचकन उघडा आणि उजेडात धरून बघा. आत काही दिसणार नाही. एकूण द्रव शंभर मायक्रोलिटर, त्यातला बराचसा विमानाच्या हेलकाव्यांत झाकणाच्या आतल्या बाजूला जाऊन बसलेला. झाकण उघडताच तो तुमच्या हातमोज्यावर येतो आणि तिथेच वाळतो. न उघडता सेंट्रिफ्यूजमध्ये दहा सेकंद फिरवून थेंब तळाशी आणणं ही भित्र्या लोकांची पद्धत आहे.

मग नळी व्हॉर्टेक्सवर धरा आणि चांगला फेस येईपर्यंत हलवा. प्रथिनाची घडी पाणी आणि हवा जिथे भेटतात तिथे उलगडते. फेस म्हणजे तशाच जागा, नळीभर. खरं सांगायचं, तर सीए-टू भलतंच चिवट एन्झाइम आहे आणि असल्या छळाला सहजी बधत नाही. शेजारच्या टेबलावर कायनेज घेऊन बसलेल्या मैत्रिणीला विचारा, तिचं एन्झाइम नुसत्या नजरेने मरतं. तेव्हा तुम्हाला मेहनत थोडी जास्त करावी लागेल.

ठेवणे

मायनस एटीत जागा नाही, असं सीनियर सांगतील. खरंच नसते. तिथे २००९ साली पीएच.डी. होऊन गेलेल्या कुणाची तरी बर्फात गाडलेली रॅक असते, आणि ती हलवण्याची कुणाची हिंमत नसते. म्हणून तुमची नळी बर्फ न साठणाऱ्या फ्रीजरमध्ये ठेवा. अशा फ्रीजरमध्ये बर्फ साठत नाही, कारण तो अधूनमधून आपणहून थोडा तापतो. मग त्या तापण्याबरोबर आतल्या नळीचं काय होतं, हे विचारायची पद्धत नाही. दररोज सकाळी नळी बाहेर काढा, वितळवा, दोन मायक्रोलिटर घ्या, परत गोठवा. पाच-पाच मायक्रोलिटरच्या वीस नळ्या पहिल्याच दिवशी भरून ठेवल्या, तर प्रत्येक थेंब एकदाच वितळेल. पण त्याला एक अख्खी दुपार जाते, आणि दुपारी चहा असतो.

द्रवात निम्मं ग्लिसरॉल असेल तर उणे वीसलाही ते गोठत नाही, ही सोय आहे. पण ग्लिसरॉल पाकासारखं जड, ते टिपच्या आत-बाहेर चिकटून राहतं. घेतलेत दोन समजून, गेले साडेतीन. पिपेटला दोष देता येणार नाही.

कागद

सोबत एक कागद येतो. तो न वाचता फाइलला लावायचा असतो. तरीही कुणाला वाचायचाच असेल, तर त्यातल्या शब्दांचा किती अर्थ काढायचा हे आधी ठरवून घ्यावं.

'शुद्धता ९५ टक्क्यांहून अधिक, एसडीएस-पेजनुसार.' ही लेम्लीने १९७० साली रूढ केलेली जेल. साबणासारख्या रसायनात प्रथिन उकळून, पार सरळ करून जेलमधून पळवायचं आणि रंगवायचं. २९ किलोडाल्टनपाशी एक ठळक निळी पट्टी दिसते. शेजारच्या मार्करच्या रांगेतही बहुधा तिथेच एक पट्टी असते, ती गाईच्या कार्बोनिक अनहायड्रेजची. दोघं चुलत भावंडांसारखी एका रेषेत उभी. पट्टी बघून सगळे खूश होतात. पण जेलवर चढवण्याआधी प्रथिनाला उकळलेलं असतं, हे विसरू नये. मेलेलं एन्झाइमही जेलवर तितकंच शुद्ध दिसतं. शुद्धतेची ओळ आत काय आहे ते सांगते, ते जिवंत आहे की नाही ते सांगत नाही.

ते सांगायला युनिट असतं, आणि इथे खरी मजा आहे. बहुतेक एन्झाइमांचं एक युनिट म्हणजे मिनिटाला एक मायक्रोमोल माल बदलणं. १९९९ साली एसआय पद्धतीत कॅटल नावाचं अधिकृत एकक आलं, सेकंदाला एक मोल. ते परीक्षेत विचारतात, प्रयोगशाळेत कुणी वापरत नाही. कार्बोनिक अनहायड्रेजला मात्र १९४८ पासून स्वतःचं तिसरंच एकक आहे, विल्बर-अँडरसन युनिट. शून्य अंशाला बर्फात ठेवलेल्या बफरमध्ये कार्बन डायऑक्साइड विरघळलेलं पाणी ओतायचं आणि पीएच ८.३ वरून ६.३ वर उतरायला किती वेळ लागतो ते हातात घड्याळ धरून मोजायचं. एका कंपनीचा कागद या युनिटात बोलतो, दुसरीचा भलत्याच रसायनावर मोजलेल्या पिकोमोलमध्ये. तुम्ही दोन्ही आकडे शेजारी मांडा, मोठा कोणता ते बघा आणि त्यावरून स्वस्त माल कोणाचा ते ठरवून टाका.

कागदावर आणखी एक ओळ ठळक छापलेली असते: केवळ संशोधनासाठी, मानवी वापरासाठी नाही. मानवी एन्झाइम, पण मानवासाठी नाही, यावर हसून घ्या, हरकत नाही. औषध म्हणून टोचायची रिकॉम्बिनंट मानवी एन्झाइमं वेगळी असतात. गोशे नावाच्या आजारावर १९९४ पासून दिलं जाणारं इमिग्लुसरेज, किंवा सिस्टिक फायब्रोसिसमधला चिकट कफ पातळ करणारं डॉर्नेज अल्फा, ही त्यांची उदाहरणं. त्यांचे कारखाने, चाचण्या, परवाने सगळंच निराळं. तुमच्या नळीत जंतूचे अवशेष किती आहेत, याची हमी कुणी घेतलेली नाही. पन्नासातले अडीच मायक्रोग्रॅम तर कागदानेच सोडून दिलेत.

जाता जाता एक गंमत. या एन्झाइमच्या अमिनो आम्लांना क्रमांक देताना ते सीए-वनच्या क्रमांकांशी जुळावेत म्हणून १२६ हा आकडा गाळलेला आहे. १२५ नंतर थेट १२७. नवशिक्याने संगणकावर मोजून एखादं अमिनो आम्ल बदलायला घेतलं की तो बरोबर एका घराने चुकतो आणि शेजाऱ्याला बदलून येतो.

प्रयोग

आता मुख्य काम. सीए-टूचा एक रेणू सेकंदाला सुमारे दहा लाख कार्बन डायऑक्साइडचे रेणू पाण्याशी जोडतो. निसर्गातल्या सर्वांत चपळ एन्झाइमांपैकी हे एक. तुमच्या प्लेट रीडरला एक खण वाचून दुसऱ्यावर जाईपर्यंत सगळं आटोपलेलं असतं. मग काय करायचं? त्याचं दुसरंच एक काम मोजायचं. पॅरा-नायट्रोफिनाइल ॲसिटेट नावाचा एक एस्टर आहे. सीए-टू त्यालाही तोडतं, रडतखडत, मूळ कामाच्या मानाने हजारो पटींनी हळू. तुटला की पॅरा-नायट्रोफिनॉल सुटतं आणि द्रव पिवळा होतो. सचिनची फलंदाजी मोजायची सोय नाही म्हणून त्याची गोलंदाजी मोजावी, तसला हा प्रकार. पण स्वस्त आहे, पटकन होतो आणि शेकडो शोधनिबंध त्यावर उभे आहेत.

तर ९६ खणांच्या प्लेटमध्ये बफर घाला, एन्झाइम घाला, एस्टर घाला. खण पिवळे पडताना दिसले की टाळी वाजवा, मोबाइलवर फोटो काढा, घरच्या ग्रुपवर टाका. ब्लँक लावू नका. ब्लँक म्हणजे एन्झाइम सोडून बाकी सगळं घातलेला खण. तो लावलात तर एक अप्रिय गोष्ट दिसेल: तोही पिवळा पडतोय.

पडणारच. हा एस्टर पाण्यात आपला आपण तुटतो, बफर जितका अल्कधर्मी तितका लवकर. सकाळी पाण्यात विरघळवून ठेवलेला एस्टर दुपारच्या जेवणानंतर वापरायला घेतला, तर तो आधीच पिवळा असतो. म्हणून तो आधी ॲसिटोनायट्राइलमध्ये विरघळवतात आणि पाण्यात अगदी शेवटच्या क्षणी घालतात. पण पाण्याचा गुन्हा तसा माफ करण्यासारखा. त्याहून पोहोचलेले लोक नळीतच बसलेले असतात. ते इमिडाझोल आठवतंय ना, शेपटी सोडवायला ओतलेलं? ते नीट धुऊन काढलं नसेल, तर एन्झाइमच्या मदतीशिवाय तेच एस्टर तोडत सुटतं. रसायनशास्त्राच्या पुस्तकांत इमिडाझोलचं हे उदाहरण वर्षानुवर्षं शिकवलं जातं, पण स्वतःच्या खणात ते कुणाला ओळखू येत नाही. आणि विरळ एन्झाइम नळीच्या भिंतीला चिकटून वाया जाऊ नये, म्हणून सोबतीला जे बीएसए घालतात, गाईच्या रक्तातलं ते अल्ब्युमिन, तेही हाच एस्टर तोडतं. म्हणजे सोबतीला पाठवलेला माणूसच परीक्षेला बसलेला. तुमचं एन्झाइम वॉचमनच्या केबिनमध्येच वारलेलं असलं, तरी खण सुरेख पिवळे पडतील आणि आलेखही देखणा येईल.

म्हणून ब्लँक लावायचाच असेल, तर नुसत्या पाण्याचा लावा. एन्झाइमच्या नळीत जो बफर होता, जेवढं ग्लिसरॉल, जेवढं बीएसए, तेवढं सगळं घेऊन फक्त एन्झाइमविना केलेला ब्लँक फार बोलका असतो. तो टाळावा.

गोळी

पुण्या-मुंबईचे ट्रेकर लेहला किंवा एव्हरेस्ट बेस कॅम्पला निघण्याआधी डॉक्टरांना विचारून जी डायमॉक्सची गोळी घेतात, ती म्हणजे ॲसिटाझोलामाइड. १९५० च्या दशकात औषध म्हणून आलेली ही गोळी नेमकी तुमच्या नळीतल्या एन्झाइमलाच अडवते. मूत्रपिंडातलं सीए अडलं की बायकार्बोनेट लघवीवाटे जातं, रक्त किंचित आम्लधर्मी होतं, आणि उंचीवर श्वास जोरात चालू राहतो. काचबिंदूवरही ती हेच एन्झाइम अडवण्यासाठी वापरतात. तुमच्या कामाची गोष्ट अशी: खणात थोडं ॲसिटाझोलामाइड घातलं आणि पिवळं पडणं थांबलं, तर ते पिवळेपण एन्झाइमचं होतं. थांबलं नाही, तर पाण्याचं, इमिडाझोलचं किंवा अल्ब्युमिनचं. दहा मिनिटांत सोक्षमोक्ष. ही तपासणी पहिल्या दिवशी करू नये. सहा महिन्यांचा डेटा जमल्यावर, प्रबंधाच्या समितीसमोर कुणीतरी विचारल्यावर करावी.

ती केलीतच, तर आणखी एक खड्डा राखून ठेवलेला आहे. एस्टरचं काम एन्झाइम इतकं हळू करतं, की नीट रीडिंग येण्यासाठी खणात ते भरपूर घालावं लागतं. समजा २०० नॅनोमोलर घातलंत. ॲसिटाझोलामाइड याला सुमारे दहा नॅनोमोलरच्या जोराने धरतं. पण निम्मं एन्झाइम अडवायचं, तर निदान शंभर नॅनोमोलर औषध तरी हवंच, कारण अडवायचे रेणूच तेवढे आहेत. म्हणजे या प्लेटवर कोणतंही औषध शंभरापेक्षा सरस ठरूच शकत नाही, मग ते प्रत्यक्षात दहाचं असो की एकाचं. नवशिक्याची दहाही कंपाउंड्स शंभराच्या आसपास येऊन थबकतात, आणि तो आनंदाने लिहितो की सगळी सारखीच प्रभावी आहेत.

आणि आता हिशेब. शंभर मायक्रोलिटरच्या खणात २०० नॅनोमोलर म्हणजे सुमारे ०.५८ मायक्रोग्रॅम. पन्नास मायक्रोग्रॅममध्ये असे ८६ खण भरतात. प्लेट ९६ खणांची आहे. म्हणजे वरची एकही सूचना न पाळता, अगदी शहाण्यासारखं काम केलंत, तरी एक प्लेट पुरती भरायच्या आत नळी संपते. तेव्हा पहिली प्लेट चार खणांची करा: पुरा ब्लँक, एन्झाइम, एन्झाइम आणि ॲसिटाझोलामाइड, नुसतं ॲसिटाझोलामाइड. ते जमलं की मगच कंपाउंड्सना हात लावा.

आणि रिकामी नळी कचऱ्यात टाकण्याआधी तिच्यावरचा लॉट नंबर वहीत उतरवून घ्या. पुढची नळी दुसऱ्या लॉटची असेल, तिचं युनिट वेगळं भरेल, आणि परीक्षक नेमकं तेच विचारतील. कंपनीला फोन केलात, तर तीही आधी लॉट नंबरच विचारते.